उशिरा फुलणारी

आर्केटात नोव्हेंबर लागला तरी
ऑर्विल टकेटच्या काचघरात ती अजून हिरवीच.
शेजारची बुटकी, जाडपानी झाडं
सप्टेंबरातच कापून, वाळवून, विकून झाली.
ही मात्र छताला डोकं टेकून, मान वाकवून उभी,
दारापाशी अवघडलेल्या उंच पाहुणीसारखी.

पानं कसली, बोटंच ती: निमुळती, लांब,
विणकाम अर्धं टाकून उठलेली.
फुलं विरळ. वजनाला काही नाही.
"धंद्याला नालायक," ऑर्विल म्हणतो
आणि तिच्या बुडाशी हीटर सरकवतो.

एकोणऐंशी साली कुणा खलाशानं दिलेलं बी,
काडेपेटीत. गाव विचारायचं राहून गेलं.

मी प्रयोगशाळेतून नमुना न्यायला आलेय.
चिमटीत चुरडते: लिंबाची साल, ओलं चंदन,
मग मिरी, जरा उशिरानं.
फॉर्मात वासासाठी रकाना एकच आहे.

बाहेर पाचलाच अंधार.
तिच्या रक्तात बारा तासांचा दिवस,
बारा तासांची रात्र, वर्षभर, ठाम.
इथला लांबलचक उन्हाळा तिला
दिवस वाटलाच नाही बहुतेक;
नुसती रेंगाळलेली सकाळ.

"थंडी पडेल," मी म्हणते.
"पडू दे. तिला कुठं माहितेय."