गोदाम नंबर सातच्या मागं

अक्षर चांगलं म्हणून अर्ज माझ्याकडं आला.
उपाध्ये काका फुलस्केपचे चार ताव घेऊन दारात,
म्हणाले, वहिनी, तुमीच लिवा,
आमचा जन्म गेला जकात नाक्यावर पावत्या फाडण्यात,
अक्षराला वळण असं राहिलंच न्हाई.

जेवणं आटपून कट्ट्यावरच लिहायला बसलो.
मा. आयुक्त, महानगरपालिका, कोल्हापूर यांस,
आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी
एवढ्यात यार्डात मालगाडीनं डबे जोडले.
आधी लांब, उचगावच्या अंगाला एक ठोका,
मग तोच ठोका डब्याडब्यातनं चालत आमच्यापर्यंत येतो
आणि मांडणीतली ताटं एकमेकींच्या कानाला लागतात.
रहिवासीतला र हलला.
तसाच ठेवला, पुरावा म्हणून.

मुद्दा पहिला, धूळ.
सिमेंटचा रेक लागला की दोरीवरची कापडं
वाळतात आणि गिलावा केल्यासारखी घट्टही होतात,
नवऱ्याचं बनियन भिंतीला टेकवून उभं करता येतं.
युरियाचा लागला की कांदा न चिरता डोळे वाहतात.
शेजारीण विचारते, काय झालं गं,
आणि मग खरंच काहीतरी आठवतं.

मुद्दा दुसरा, मुंग्या.
हे सरकारी भाषेत कसं लिहायचं कळेना.
गुळाच्या गोदामाची आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच.
पाडव्याचा सौदा झाला, ढेपांची थप्पी छताला लागली,
की महिनाभरात भिंत गोड होते.
समृद्धी तीन वर्षांची असताना चाटायची,
मी हातावर चापट मारायचो.
एकदा घरात कुणी नव्हतं,
मीही बोट लावून बघितलं.
हे लिहिलं नाही.

मुद्दा तिसरा, रात्रीचे ट्रक.
गल्लीत वळायला जागा नाही, तरी वळतात,
गटाराच्या फरश्या फोडतात, इंजिन चालू ठेवून झोपतात.
सेलमकडचा एक ड्रायव्हर आमच्या खिडकीखाली
रोज बारानंतर फोनवर कुणाला तरी
तेच चार शब्द म्हणतो.
भाषा कळत नाही.
परवा त्यातला एक शब्द आला नाही
आणि मी अंथरुणात उठून बसलो.
त्रास होतो, असं लिहिलं.

सह्यांना मुजावर आले, बाबालाल मुजावर,
सातमध्येच हमाल, छातीवर माथाडीचा बिल्ला,
पाठ कायम कुणीतरी मागनं हाक मारल्यासारखी वाकलेली.
म्हटलं, दादा, ट्रक बंद झाले तर तुमचं काय?
पेन उलटसुलट करून बघितलं त्यांनी.
खोकला बी माझाच न्हवं, वहिनी.
दिवसाचा मी गोदामाचा, रातचा गल्लीचा.
आता किती वाजल्यात?
साडेनऊ.
मग करतो की सही.
सहीशेजारी अंगठ्याचा चिकट डाग उमटला.
सकाळी बघतो तर तिथं एक मुंगी,
मंजुरीसाठी थांबल्यासारखी.

शेवटी पत्ता.
आमच्या कॉलनीला नाव आहे, शांतीबन,
कमानीवर निळ्या रंगात, त्यातला बन पडलाय.
पण गॅसवाला, पोस्टमन, नणंदेला बघायला आलेले पाहुणे,
रात्री दोनला समृद्धीच्या वेळेला आलेला रिक्षावाला,
कुणालाच शांतीबन माहीत नव्हतं.
तिच्या जन्मदाखल्यावरही तेच आहे,
रेशनकार्डावर, लाइटबिलावर, सासऱ्यांच्या शेवटच्या दाखल्यावर.
मी पेन क्षणभर धरून ठेवलं.
मग लिहिलं:
तरी सदर गोदाम येथून तातडीने हलवावे, ही नम्र विनंती.
उत्तर खालील पत्त्यावर पाठवावे.
गोदाम नंबर सातच्या मागे,
मार्केट यार्ड, कोल्हापूर.

उपाध्ये काकांनी अर्ज दोनदा वाचला.
चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला,
त्या दिवशी सिमेंटच लागलं होतं.
पुन्हा वाचला.
म्हणाले, बराबर हाय सगळं.
पिनकोड तेवढा राहिलाय.