दोन रकाने

कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान फाडून उलटं केलं
आणि मधोमध रेघ मारली.
डावीकडे जुना फोन, उजवीकडे नेटचा.

सुकेशिनी म्हणते, आई, मस्कतहून बोलायला
मला आता छदामही पडत नाही,
तू कशाला भरतेस त्या बदामी डब्याचं भाडं?
भाडं महिना दोनशे चौऱ्याऐंशी. लिहिलं.
वर्षाचे चौतीसशे आठ. तेही लिहिलं.
उजवीकडे शून्य.
नेट तर घेतलेलंच आहे, त्यात फोन फुकट,
असं अफसर म्हणाला, वायरवाला,
जो चपला बाहेर काढून उभ्यानंच बोलत होता.
याला मीच बाहेर काढला, सेलूच्या सरकारी दवाखान्यात.
पायाळू. आता वायरी ओढत फिरतो.

सिस्टर, आवाज काचेसारखा येतो.
येतो. ऐकला मी.
सुकेशिनीच्या ओट्यावरचा मिक्सर येतो,
तिचा श्वास येतो,
आणि मध्येच ती अडकते, आई तू गो...
मी वाट बघत बसते,
गोळ्या, की गोधडी, की गोड.
हे कोणत्या रकान्यात घालू?

अफसरला एकच विचारलं, लाईट गेल्यावर?
वायर गुंडाळत म्हणाला, तेवढं इन्व्हर्टरवर घ्यावं लागंल.
मी उजवीकडे लिहिलं, इन्व्हर्टर, सोळा हजार.
तो हसला. सिस्टर, तुम्ही लई हिशोबी.
बेटा, एप्रिल लागला की लाईट कवा टिकलीय सांग.
जुना फोन आपली वीज तारेतून घेऊन येतो.
काळ्याकुट्ट अंधारात चाचपडत उचललाय मी तो.
कितवा महिना? पाणी गेलं का?
बसवून नका आणू, गाडीत आडवी घाला तिला.
माझे पाच आकडे तेव्हा
पाथरीपर्यंत बायकांना पाठ होते.
पुढचा दोन नंतर लागला.

त्या बायका आता सासवा झाल्या.
फोन महिन्यातून चारदा वाजतो
आणि चारही वेळा राँग नंबर.

एकच माणूस. मानवतचे सटवाजी. सोमवारी, दहाच्या सुमारास.
हॅलो, मिल का? करडीचा काय भाव चालायलाय?
मिलचा शेवटचा आकडा सात, माझा एक.
त्यांच्या वहीत कुणीतरी सात असा काढलाय
की एक वाटावा.
मिलच्या जागी आता मंगल कार्यालय आहे.
पहिल्यांदा मी म्हणाले, राँग नंबर.
दुसऱ्यांदा म्हणाले, मिल बंद झाली हो.
तिसऱ्यांदा पेपर उघडला
आणि भाव सांगितला.

ते बरं म्हणतात. मग जरा थांबतात.
करडी पेरली असेल असं मला तरी वाटत नाही.
एकदा त्या थांबण्यात विचारलं,
मुनीमजी, आवाज बारीक कामून झालाय?
वय झालं, मी म्हणाले.
खोटं नाही.

अफसर म्हणाला, नंबर मात्र नवा मिळेल.

डावीकडे सगळं गोडच आहे असंही नाही.
गेल्या पावसाळ्यात नाली खोदताना जेसीबीनं केबल तोडली,
एकोणीस दिवस डबा मुका.
दोनदा ऑफिसात जाऊन आले, रिक्षाचे ऐंशी रुपये.
तेही लिहिलंय, डावीकडेच, लाल पेननं.
विसाव्या दिवशी गूं असा आवाज आला
तेव्हा मी घरात एकटीच होते आणि मोठ्यानं हॅलो म्हणाले.

पुढच्या सोमवारी सटवाजींनी भाव विचारलाच नाही.
म्हणाले, एवढे दिवस मिल बंद होती का?
होती.
आता चालू झाली?

बिलाची शेवटची तारीख अठरा.
आज सोळा, आणि सकाळपासून लाईट नाही.
नेटच्या डब्यावरचे हिरवे ठिपके विझलेत.
पान फ्रिजवर आहे, वर मिठाची बरणी ठेवलीय उडू नये म्हणून,
बेरीज दोन्हीकडची राहिलीय.
पेपर मात्र घडी मोडून ठेवलाय,
बाजारभावाचं पान वर.