तीनशे अठरा नंबरचा कोट

विहिरीतून बाहेर येतोस
आणि कोट कोरडा.
चारशे वर्षं तोच एक काळा कोट,
कॉलरला मळ नाही, कोपरावर चकाकी नाही.
चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुतेय मी, बाबा.
एवढंच सांग,
तुझी इस्त्री कोण करतं?

गुनसानमध्ये रात्रीचे साडेनऊ.
बाहेर समुद्राचा खारा वारा,
आत काचेवर माझ्याच दुकानाची वाफ.
शेजारची बुन-ये म्हणते,
पिल-नाम, या वयात कसलं हे खूळ?
याच वयात, मी म्हणते.
विशीत सवड कुठे होती.

पिल-नाम, म्हणजे नक्की मुलगा.
चौथी मुलगी झाल्यावर
बापाने देवाला असं सुचवून पाहिलं.
देवाने ऐकलं नाही.
माझ्या पाठीवर आणखी दोघी आल्या.

तुझी ती पोरगी, किराणा दुकानात रात्रपाळी करणारी,
तिला म्हणे शाप आहे:
तू खरं नाव सांगितलंस की ती तुला विसरणार.
म्हणून पंधरा भाग तू गप्प.
नुसता बघतोस.
तिच्या कान तुटलेल्या मगात रोज विहिरीचं पाणी भरून ठेवतोस
आणि इकडे मी बँकवाल्याच्या शर्टाची बाही जाळते.

माझ्या नवऱ्याचं नाव मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.
काही विसरले नाही.
तीन वर्षं तो सौदीत रस्ते बांधत होता,
पत्रात फक्त हवा आणि पगार.
परत आला तेव्हा जेवायला बसल्यावर विचारलं,
चमचे कुठे असतात?
पाहुण्यासारखं.
मी दाखवले.
मागे संगीत वगैरे काही नव्हतं,
पण चमचा घेताना तो लाजला. मी पाहिलं.

मागच्या दांडीवर न नेलेले कपडे.
शाळेचा गणवेश, त्यातला पोरगा आता बाप झाला असेल.
लग्नाचा एक हानबोक,
त्याबद्दल मी बोलत नाही.
आणि तीनशे अठरा:
पुरुषाचा काळा ओव्हरकोट, सात हिवाळे.
दर वर्षी थंडीच्या तोंडावर प्लास्टिक काढते, वारा देते,
खिशातल्या डांबरगोळ्या बदलते.
फोन लावला तर कुणी दुसरीच बाई उचलते.

आज शेवटचा भाग.
तू विहिरीच्या काठावर, ती समोर.
तू तोंड उघडतोस
आणि दाराची घंटा वाजते.

एक माणूस. हातात घडीवर फाटत आलेली पावती.
"फार उशीर झाला," तो म्हणतो, "तीनशे..."
"थांबा."
"नाही, तो कोट..."
"पाच मिनिटं. बसा तिथे."

तू नाव सांगतोस.
नेमका तेव्हाच आवाज बंद करतात, नुसते ओठ हलतात,
लबाड लेकाचे.
तिच्या चेहऱ्यावरून ओळख उतरत जाते,
आधी कडा, मग मधला भाग.
हे बाकी खरं दाखवलं. डाग असाच निघतो.
मग ती अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारते,
"पाणी हवंय?"
आणि कान तुटलेला मग पुढे करते.

बाकावर कुणीतरी नाक ओढतं.
मी न बघता टिश्यूचा डबा सरकवते.

कोट त्याला खांद्यात दोन बोटं सैल झालाय.
कुठे होतात, मी विचारत नाही.
टाचण्या तोंडात असल्या की
तसंही विचारता येत नाही.
बटणं सरकवावी लागतील, उद्या या, म्हणते.
पैसे जुन्याच दराने.

तो दारापर्यंत जातो. थांबतो.
"तो होता कोण? मी आधीचं काहीच पाहिलं नाही."

बाहेर वारा आहे, अंगात कोट नाही.
मी इस्त्रीचं बटण पुन्हा दाबते.
"बसा," म्हणते,
"पहिल्यापासून सांगावं लागेल."