मेजिदियेकोय ते कुझगुंजुक, पायी

टेबलाखाली बूट ठेवलेत. जुनेच.
नवे त्या दिवशी चावतील, असं हिशेबखात्यातली नेरिमान म्हणाली.
तिनं स्वतः काहीच ठेवलेलं नाही.
म्हणते, माझं घर खिडकीतून दिसतं,
पडलं तर इथूनच कळेल.

बुटांत मोजे, मोज्यात शिट्टी.
पाण्याची बाटली, दर एक तारखेला बदललेली.
सुटे पैसे, कारण यंत्रं बंद असतील.
कागदी नकाशा, कारण फोन...
फोनचं नावच नको.

तीन रविवार चालून पाहिलं.
इस्तंबूलला रविवारी उशिरा जाग येते,
मांजरं आणि मी, एवढीच रस्त्यावर.
ऑफिसच्या पायरीपासून बेशिकताशच्या धक्क्यापर्यंत
सहा हजार एकशे चाळीस पावलं, शेवटी सगळा उतार.
कुठल्या भिंतीला पोट आलंय,
कुठल्या मशिदीच्या अंगणातला नळ चालू असतो,
काचेच्या इमारतींपासून किती हात लांब राहायचं,
सगळं वहीत उतरवलं.
मग पाणी आलं.
वहीत पानं उरली होती, जमीन संपली.

पलीकडं कुझगुंजुक, चढावरचं घर,
आणि देफ्ने, सहा वर्षांची, पुढचे दोन दात नसलेली.
तिचा बाप अंकाराला, त्याची पावलं मोजण्यात अर्थ नाही.
पूल आहे, हो.
पण पुलावर पायी जायला एरवीही मनाई,
आणि त्या दिवशी तो कुणाला अंगावर घेईल
ते पुलालाच ठाऊक.

बोटीवर दोर फेकणारा दुरसून.
दुरसून म्हणजे 'राहू दे'.
आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून आईनं ठेवलेलं नाव.
तो म्हणाला, मुकद्देस हानम, ओठांत रोज काय मोजता?
मी सांगितलं. आणि भीत भीत विचारलं,
त्या दिवशी मला पलीकडं न्याल?

त्यानं दोर गुंडाळला, पुन्हा सोडला.
'मी कुठं न्यायचं? मलाच अलीकडं यायचं असेल.
आई गुलतेपेत, तुमच्या ऑफिसपासून पंचवीस मिनिटं.
चौथा मजला, कानानं अधू.
आणि आम्ही दिवसाचा निम्मा वेळ
उस्कुदारला बांधलेले.'

आधी हसू आलं दोघांना.
तो माझ्या दाराशी, मी त्याच्या,
मधे एवढं पाणी.
मग कुणीच हसेना.
चहाचे पेले रिकामे झाले तरी
आम्ही ते हातातच धरून होतो.

गेल्या शनिवारी मी त्याच्या आईला भेटून आले.
माझ्या तोंडाकडं पाहून तिनं शब्द ओळखले,
लोणच्याची बरणी दिली, वर
मी फार वाळलेय म्हणून रागावली.
जिन्याला एकाहत्तर पायऱ्या, कठडा हलतो.
गोळ्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यामागं.
वहीत नवं पान.
यावेळी चढ. दोन हजार नऊशे पावलं.

त्याची किल्ली आता माझ्या मोज्यात, शिट्टीशेजारी.
माझी त्याच्या खिशात, कुठल्या दोऱ्यात ओवलीय कोण जाणे.
पहिला दिवस जिथं आहोत तिथल्याचा,
मग आपापलं घर, जेव्हा पाणी जाऊ देईल तेव्हा.
असं ठरलंय. लिहिलेलं नाही.

रात्री देफ्नेला त्याचा फोटो दाखवला.
ती म्हणाली, अनोळखी माणसाबरोबर जायचं नसतं.
अगदी बरोबर, म्हटलं.
पण यानं आपला शब्द सांगितला तर?
ती विचारात पडली, जीभ दातांच्या फटीत.
'आणि तू?'
मी त्याच्या आईपाशी असेन.
'तिला भीती वाटते?'
तिला ऐकू येत नाही.
'मग तिचा हात धर,' म्हणाली, आणि झोपली.

तो शब्द दुरसूनला सांगितलाय.
इथं लिहीत नाही.