वीसपैकी बारा

अत-बाशीच्या शाळेत सव्वीस वर्षं
मी लाल शाई वापरतोय.
जिबेकच्या वहीवर दर शुक्रवारी तोच आकडा:
वीसपैकी बारा.
"बरी आहे," मी तिच्या बापाला म्हणालो होतो
मेंढ्यांचा बाजार उठताना.
"लक्ष खिडकीबाहेर असतं, एवढंच."
त्याने मान हलवली,
आम्ही एखाद्या शिंगराबद्दल बोलत असल्यासारखी.

फेब्रुवारीत वीज गेली.
शेगडीपाशी तिच्या नऊ चाचण्या मी
एकीखाली एक मांडल्या, उगाच,
गारठल्या हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून.
चुकलेले प्रश्न:
दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा,
अकरावा, तेरावा, सतरावा, एकोणिसावा.
नऊही वेळा हेच.

ज्यांना कुणी भागू शकत नाही
नेमकी त्याच आकड्यांवर मुलगी चुकत होती
आणि मी, गणिताचा मास्तर,
तिच्या पत्रांवर फुल्या मारत बसलो होतो.

जिल्ह्याचे साहेब फोनवर म्हणाले,
"हुशार आहे ना? मग तिचं ती बघेल.
तुम्ही मागे पडलेल्यांकडे बघा, इस्काक."
बघतोच की.
पण कळपापासून तुटलेल्या कोकराला
लांडगा विचारत नाही,
तू मागे राहिलास की पुढे गेलास.

पुढच्या शुक्रवारी गुण दिलेच नाहीत.
तिच्या कागदाखाली फक्त लिहिलं:
यापुढचा तेवीस ना?
तिने वाचलं. कान लालबुंद,
चोरी पकडल्यासारखे.
बऱ्याच वेळाने, वहीकडेच बघत:
"आइनाझला बारा मिळतात.
मला वीस मिळाले
तर ती माझ्या बाकावर बसेल?"

शाबासकी ओठांवर आली होती.
गिळली.

सोमवारी ती प्रश्न घेऊन आली.
आई दोन रंगांचे बुरणूस एकावर एक ठेवते,
एकाच सुरीने नक्षी कापते,
लालातलं करड्यात बसतं, करड्यातलं लालात,
चिंधीसुद्धा वाया जात नाही.
"कुठलीही नक्षी काढली तरी
दोन्हींकडे सारखीच सुंदर दिसेल?
की काही नक्षींचा उरलेला भाग
नुसता उरलेलाच दिसतो?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.
सव्वीस वर्षांत, वर्गासमोर, पहिल्यांदा.

तिने दप्तर उचलून मला बसायला जागा केली.
पलीकडून आइनाझ वाकली,
"काय चाललंय तुमचं?
कात्री लागणार असेल तर
माझ्याकडे आहे."