पाहुणा अजून पोचला नाही

परदेशी इंजिनियर त्याला डुक्कर म्हणतात.
ओरिनबासार म्हणत नाही.
सकाळी सकाळी जिभेला कशाला विटाळ, म्हणतो,
आणि वायरलेसवर कळवतो :
पाहुणा चारला निघाला.

पाहुणा म्हणजे पाहणारा.
दोन माणसांएवढं लांब यंत्र, रबराच्या चकत्या, चुंबकांचे ब्रश,
पोटात बॅटरी आणि आपोआप भरत जाणारी एक वही.
तेलाच्या रेट्यानं नळीच्या आतून सरकत येतो,
भिंतीला सगळीकडून हात लावत
कुठं जाड, कुठं झिजली, कुठं चरा गेला
एवढंच टिपतो.
न कापता, न फोडता.

आमचं काम सोपं.
त्याच्यापुढे जाऊन खांबाशी उभं राहायचं,
तो पायाखालून गेला की वेळ लिहायची.

खांब दोनशे बारा. मंगिस्ताऊची स्टेप, उणे एकोणीस.
माझ्या हेडफोनमध्ये आधी वारा,
मग माझंच रक्त,
मग काहीच नाही.
सहा चाळीसला यायला हवा होता.
सात वाजले. सात दहा.
आमच्याकडचं तेल मेणचट, थंडीत तुपासारखं थिजतं,
आतल्या आत नळीचा गळा आवळत जातं
आणि वरून जमीन अशी सपाट,
जणू तिला काही माहीतच नाही.

"चल, मागे जाऊ, कार्लिगाश."
दर व्हॉल्व्हपाशी ओरिनबासार गाडीतून उतरतो,
फावड्याचं पातं लोखंडी दांड्याला टेकवतो
आणि लाकडी मूठ दातात धरून डोळे मिटतो.
एक कान कंप्रेसरनं खाल्ला, त्याला वीस वर्षं झाली.
"ऐकू येतं असं?"
"हाडाला येतं."

दोनशे अकरा. नाही.
दोनशे दहा. नाही.
दोनशे नऊला त्यानं मूठ तोंडातून काढली,
मिशीवरचं बर्फ पुसलं.
"इथंच आहे. दम खातोय."

स्टेशनला फोन. दाब वाढवा, पण अर्ध्या बारनं,
जास्त नको, भिंत म्हातारी आहे.
मग तिथंच पोतं अंथरून बसलो.
थर्मासमधला दुधाचा चहा, दगडासारखे कुर्त,
लांबवर दोन उंट, पाठमोरे.
तो म्हणाला, डॉक्टर म्हणतायत पोट उघडून पाहू.
मी म्हटलं त्यांना,
उघडून काय, कुणीही पाहील.
आणि हसला, एका बाजूला हात दाबून.

नऊ बावन्नला टाचेतून कळलं.
आधी घरंगळ, मग जड काहीतरी फरफटत गेल्यासारखं,
आमच्या पोत्याखालून, चहाखालून.
ओरिनबासार उठून उभा राहिला,
पाहुण्याला निरोप देतात तसा.
"वाट मिळो," म्हणाला.
वेळ लिहायची मीच विसरले; नंतर अंदाजानं लिहिली.

पंधरा दिवसांनी अहवाल आला.
दोनशे नऊ किलोमीटर, पुढे चाळीस मीटर,
घड्याळात सहाच्या जागी, म्हणजे अगदी तळाला,
नऊ मिलिमीटरपैकी तीन उरलेत.
नकाशा लागला नाही मला.
गोठलेल्या मातीत चहाची भुकटी अजून होती.

ओरिनबासार त्या दिवशी अक्ताऊला होता,
इस्पितळात, नऊ नंबरच्या खाटेवर.
फोन लागेना.

खोदणाऱ्यांना मी लांब उभं केलं.
शेवटची वीतभर माती हातांनी काढली.
काळं वेष्टण, त्यावर दहिवर,
बाहेरून एक ओरखडाही नाही.

त्याचं फावडं गाडीतच राहिलं होतं.
व्हॉल्व्हपाशी गेले, पातं टेकवलं, मूठ दातात धरली.
लाकडात त्याच्या दातांचे खड्डे होते.
माझे दात त्यांत बसले नाहीत,
जरा बाजूला बसले.