मुबाहचा डबा

पारोळ्याच्या पेठेत आमचं दुकान,
उभं राहिलं तर दोन्ही भिंतींना कोपर लागेल एवढं.
अब्बा मण्यार. चाळीस वर्षं
त्यांनी परक्या बायकांचे हात धरले,
पंजा दाबून, अंगठा आत मुडपून
दोन-चारची बांगडी दोन-सहाच्या हातात
बोलता बोलता सरकवली.
चेहरे त्यांना ओळखू यायचे नाहीत.
मनगटं यायची.

मग मालेगावहून नवे मौलाना आले,
कोवळ्या दाढीचे, हळू बोलणारे.
असरनंतर अब्बा त्यांच्यापुढे बसू लागले
आणि घरी येऊन खडूनं
बांगड्यांच्या डब्यांवर लिहू लागले:
फर्ज. वाजिब. सुन्नत. मुस्तहब.
मकरूह. हराम.
हिरवा चुडा कुठे गेला, अम्मीनं विचारलं.
हराममध्ये बघ, मी म्हणाले
आणि मार खाल्ला.

एक डबा उरला. त्यावर मुबाह.
केलं तर सवाब नाही, नाही केलं तर गुनाह नाही.
अब्बा म्हणाले, सगळ्यात मोठा डबा हाच,
अल्लाहनं बहुतेक दुनिया यातच ठेवलीय.

परका हात मात्र त्यात बसेना.
मौलानांनी तीनदा किताब उघडली, तीनदा मिटली,
म्हणाले, चाचा, तुम्हाला मुलगी आहे ना?

चौदाव्या वर्षी मी गादीवर बसले.
अब्बा मागे, पाठ करून,
पावलांवरून माप सांगायचे:
आली ती दोन-सहा. उजवा हात जड, पाणी शेंदते.
माझ्याकडून बांगड्या फुटायच्या
(फुटल्या म्हणायचं नाही, वाढल्या म्हणायचं)
आणि अब्बांचा अंगठा त्यांच्याच मांडीवर
आत मुडपायचा.

पोळ्याच्या आदल्या दुपारी, पेठ झोपलेली बघून
कोकिळाबाई शिंपीण आली.
नवऱ्याला जाऊन वर्ष झालेलं.
"भाऊ, मना हातमा बांगड्या भरशी का?
लोके काय म्हनतीन ते म्हनोत."

तिच्या गल्लीत हे कुठल्या डब्यात, मला ठाऊक होतं.
तिथे लिहायला खडू लागत नाही.

अब्बा पाठमोरेच म्हणाले,
"आमच्यात चार महिने दहा दिवस, ताई. मग बंदी नाही."
थांबून म्हणाले, "तुमच्यातलं मला सांगता येणार नाही."
"मी ते इचारं नही, भाऊ."

अब्बा वळले.
मडक्यातलं पाणी घेऊन वजूसारखे
कोपरापर्यंत हात धुतले.
मी सरकले. त्यांनी मुबाहचा डबा उघडला,
एक माप मोठी बांगडी काढली,
जन्मात पहिल्यांदा सैल,
आणि चिमटीत, कडेनं,
हवेत उभी धरली.

कोकिळाबाईनं हात त्यातून स्वतःच घातला.
एक. दोन. सहापर्यंत.
कोणाचं बोट कोणाला लागलं नाही.
पैसे पुरते घेतले, एक पैसा कमी नाही.
ती हात वर धरून गेली, घसरू नयेत म्हणून,
पेठभर आवाज होत राहिला.

त्या रात्री अब्बा मशिदीत मागे थांबले नाहीत.
दुसऱ्या रात्री थांबले, बराच वेळ.
मौलाना काय म्हणाले, सांगितलं नाही.
येताना अम्मीसाठी पान आणलं होतं,
जे ते कधी आणत नसत.